जे त्याला बदलता येत नाही

आज ज्या लशीवर मनन करायचं आहे ती अजून तयार झालेली नाही. तरी तिच्यासाठी थोडा वेळ काढा आणि रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या बंदरात येऊन बसा. लिलावाच्या वेळी नको, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. लिलाव उरकला, मासळीचे टेम्पो निघून गेले, जेटीवर पाणी मारून झालं की या. जाळी दुरुस्त करणाऱ्यांच्या मध्ये येणार नाही अशा बेताने एका कडेला बसा. पाठ सैल सोडा. डोळे उघडेच असू द्या.

शांततेची वाट पाहू नका. बंदर कधी शांत होत नाही. इंजिनं धडधडतात, बर्फ फोडायचं यंत्र खरखरतं, घारी ओरडतात, नेपाळहून आलेले खलाशी एकमेकांना हाका मारतात. ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे लक्ष धावतं. धावू दे. त्याला ओढून परत आणू नका. फक्त एवढं पाहा, की मोठ्या आवाजामागे जाताना ते काय काय मागे टाकून गेलं. जेटीच्या खांबांना पाणी लागतं तो आवाज तुम्ही आल्यापासून चालूच आहे. तो बदलत नाही, म्हणून तो कानावर पडूनही ध्यानात आला नाही.

टी पेशींच्या बळावर एचआयव्हीला रोखू पाहणाऱ्या लशींचा सगळा पेच मला इथेच दिसतो. शरीराचं लक्ष विषाणूच्या बदलत्या भागांकडे जातं, आणि ज्या भागाला बदलणं परवडत नाही तो नजरेतून सुटतो. संसर्ग व्हायच्या आधीच हे लक्ष योग्य जागी लावून ठेवायचं, हे या लशीचं काम आहे.

आता हाताची बोटं जबड्याखाली, मानेच्या दोन्ही बाजूंना हलकेच टेकवा. घसा धरला की इथल्या गाठी सुजतात. डॉक्टर इथेच चाचपून पाहतात. तुम्ही ठणठणीत असताना हाताला काही लागणार नाही, पण या गाठींमधून या क्षणी टी पेशी येताहेत, थोडं थांबताहेत आणि पुढे जाताहेत. त्यांचा उगम हाडांच्या मगजात. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी आहे, तिथे त्या तयार होतात. जी पेशी स्वतःच्या शरीरावर उलटेल असं दिसतं तिला बहुधा तिथेच मरावं लागतं. उरलेल्या रक्तातून गाठीत आणि गाठीतून रक्तात फिरत राहतात. प्रत्येकीची ओळखायची खूण ठरलेली असते. बहुतेकींना आयुष्यभर आपली खूण भेटतच नाही, तरी त्या फिरत राहतात. बोटं तशीच ठेवून दोन-चार श्वास या फिरण्याकडे लक्ष द्या. यात तुमचं काहीच कर्तृत्व नाही, आणि ते तुमच्यासाठीच चाललेलं आहे.

लस म्हटलं की आपल्याला बहुतेक वेळा प्रतिपिंडं आठवतात. ती रक्तात तरंगतात आणि विषाणू पेशीत शिरण्याआधी त्याला धरतात. पण एकदा का तो आत शिरला की प्रतिपिंडांना तो दिसत नाही. तिथून पुढचं काम टी पेशींचं. मग पेशीच्या आत काय चाललंय हे टी पेशीला बाहेरून कसं कळतं?

समोर लागलेली एखादी बोट पाहा. तिच्या पोटात बर्फाखाली काय आहे ते जेटीवरून दिसत नाही. पण टोपल्या वर येऊन जेटीवर मांडल्या गेल्या की बांगडा लागला की तारली, हे बोटीत न उतरता कळतं. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी हेच करते. आत जी प्रथिनं बनतात त्यांचे लहान लहान तुकडे, आठ-दहा अमिनो आम्लांचे, ती आपल्या पृष्ठभागावर मांडून ठेवते. हे तुकडे धरून ठेवणाऱ्या रेणूंना एचएलए म्हणतात. सीडी८ जातीची टी पेशी पेशीपेशीशी थांबून हे तुकडे तपासते. त्यात परक्या प्रथिनाचा तुकडा सापडला तर ती त्या पेशीला मारते, विषाणूची नवी पिढी बाहेर पडायच्या आत. टी पेशी नुसता तुकडा ओळखत नाही, तो धरणाऱ्या स्वतःच्या रेणूसकट ओळखते, हे पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी १९७०च्या दशकात कॅनबेरामध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. त्यासाठी १९९६मध्ये त्यांना नोबेल मिळालं. प्रत्येक माणसाचे एचएलए वेगळे, म्हणून एकाच विषाणूचे तुमच्या पेशींनी मांडलेले तुकडे आणि तुमच्या शेजाऱ्याच्या पेशींनी मांडलेले तुकडे सारखे नसतात. साऱ्यांसाठी एक लस बनवताना पहिली अडचण येते ती इथे.

इथे थोडं थांबा. पुढची गोष्ट जड आहे, ती सावकाश ऐकू.

एचआयव्ही मुख्यतः ज्या पेशीत शिरतो ती सीडी४ जातीची टी पेशीच असते. सीडी८ पेशींना बळ देणारी, प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींना कामाला लावणारी, साऱ्या प्रतिकाराची जुळवाजुळव करणारी ही पेशी. जी मदत करते तिच्यातच तो घर करतो. आपली जनुकं तो तिच्या डीएनएत गुंफतो. काही पेशी मग निद्रिस्त होतात. त्या कोणताच तुकडा बाहेर मांडत नाहीत, म्हणून कोणत्याही टी पेशीला त्या ओळखता येत नाहीत. औषधं विषाणूची वाढ थांबवतात, पण या निद्रिस्त पेशींना हात लावू शकत नाहीत. गोळ्या बंद केल्या की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच तो परत वर येतो, तो याच साठ्यातून.

आता या जड गोष्टीच्या शेजारी दुसरी ठेवू. संसर्गानंतर पहिल्या काही आठवड्यांत विषाणूचं प्रमाण भराभर चढतं, आणि मग औषधाशिवायही खाली येतं. पार जात नाही, पण उतरतं. ज्या सुमाराला ते उतरतं त्याच सुमाराला रक्तात सीडी८ पेशी दिसू लागतात. हा योगायोग नाही. १९९९मध्ये संशोधकांनी एचआयव्हीच्या भावकीतल्या विषाणूची लागण झालेल्या माकडांमधल्या सीडी८ पेशी प्रतिपिंडं टोचून काढून टाकल्या, तेव्हा त्यांच्यातला विषाणू उसळला. पेशी परत आल्या आणि तो खाली गेला. शंभरात एकाहूनही कमी माणसं अशी असतात की ज्यांच्यात हा दाब वर्षानुवर्षं टिकतो, औषध न घेता. त्यांच्यात बी५७ आणि बी२७ नावाचे एचएलए नेहमीपेक्षा बरेच जास्त आढळतात. म्हणजे मानवी शरीराला हे जमतं. सगळ्यांना जमत नाही, सुरुवातीलाच जमत नाही, पण जमतं. टी पेशींच्या लशीची आशा एवढ्या वस्तुस्थितीवर उभी आहे, आणि मला ती पुरेशी वाटते.

मग अडतं कुठे? पुन्हा लक्षाकडे या. ते आता कुठे आहे? जिथे असेल तिथे असू द्या.

उपचार न घेणाऱ्या माणसाच्या शरीरात एचआयव्हीचे रोज सुमारे एक हजार कोटी नवे कण तयार होतात. त्याची जनुकं नकलून घेणारं विकर चुका तपासत नाही, त्यामुळे नकलेनकलेगणिक बदल होत जातात. शरीराने एका तुकड्यावर नेम धरावा आणि तो तुकडाच बदलून जावा, असं आठवड्यामागून आठवडे चालतं. आणि शरीराचा पहिला जोर नेमका अशाच तुकड्यांवर येतो, जे बदलले तरी विषाणूचं काही बिघडत नाही. ते ठळक असतात, लवकर दिसतात, आणि त्यांच्यामागे टी पेशींची गर्दी होते. बाकीच्या तुकड्यांकडे वळायला शक्ती उरत नाही.

पण विषाणूलाही सगळंच बदलता येत नाही. त्याच्या जनुकांभोवती प्रथिनांचं एक कवच असतं. एकाच प्रथिनाचे सुमारे दीड हजार नग जोडून ते बनतं. बहुतेक जोडण्या षट्कोनी, मात्र कवच मिटायचं तर पंचकोनी जोडण्या बरोबर बाराच लागतात. अकरा चालत नाहीत, तेरा चालत नाहीत. ही भूमितीची अट आहे आणि ती कोणत्याही विषाणूला मोडता येत नाही. त्या जोडणीच्या जागी अमिनो आम्ल बदललं तर कवच नीट बसत नाही.

बी५७ असलेल्या माणसांच्या टी पेशी याच प्रथिनाच्या एका तुकड्यावर नेम धरतात. तिथून सुटण्यासाठी विषाणू, हे कवच ज्याचा भाग आहे त्या गॅग प्रथिनातल्या २४२व्या जागी थ्रिओनिन काढून अ‍ॅस्परॅजिन बसवतो. सुटतो खरा, पण त्याची वाढ मंदावते. आणि तो पुढे ज्याच्या शरीरात हा एचएलए नाही अशा माणसात गेला, की पुन्हा थ्रिओनिनवर परततो. या परतण्यावर जरा रेंगाळा. त्याला कोणी भाग पाडलेलं नसतं. त्या जागेची किंमत त्याला भरवत नाही, एवढंच. लशीने बोट ठेवायचं ते अशा जागांवर.

मिरकरवाड्यात अशा लशी तपासणारी प्रयोगशाळा नाही. इथून आंबा घाटाने कोल्हापूर आणि तिथून पुणे गाठलं, तर भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एड्सवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. १९९२मध्ये ती राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावाने सुरू झाली, आणि लोक तिला ‘नारी’ म्हणूनच ओळखत आले. भारतातली एचआयव्ही लशीची पहिली मानवी चाचणी इथे फेब्रुवारी २००५मध्ये सुरू झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना आणि आंतरराष्ट्रीय एड्स लस उपक्रम यांचं ते संयुक्त काम होतं, आणि पुण्यात डॉ. संजय मेहेंदळे प्रमुख संशोधक होते. लशीत एचआयव्ही नव्हता. रोग न करणाऱ्या एका निरुपद्रवी विषाणूच्या पोटात एचआयव्हीच्या काही जनुकांची नक्कल ठेवली होती: गॅग, प्रोटिएज आणि नकलणाऱ्या विकराचा काही भाग. भारतात जास्त आढळणाऱ्या ‘सी’ उपप्रकारातून ती घेतलेली. पुण्यात ३० निरोगी स्वयंसेवक होते, बेल्जियम आणि जर्मनीत मिळून ५०.

लस सुरक्षित ठरली. टी पेशी मात्र थोड्यांच्याच जागल्या, त्याही क्षीण. २००६मध्ये चेन्नईच्या क्षयरोग संशोधन केंद्रात दुसरी लस आली. कोंबडीच्या गर्भपेशींत पाचशेहून अधिक वेळा वाढवून निर्बल केलेला देवी-गटातला एक विषाणू तिचा वाहक होता, आणि तिथे स्वयंसेवक होते ३२. प्रतिसाद पुण्यापेक्षा जास्त जणांत दिसला. २००९मध्ये पुणे आणि चेन्नई अशा दोन्ही ठिकाणी मिळून ३२ जणांवर तिसरी चाचणी झाली. त्यात काहींना आधी डीएनएची लस आणि मग देवी-गटातल्या वाहकाची लस दिली. तिचे निष्कर्ष २०१३मध्ये छापून आले. यातली कोणतीही लस हजारो लोकांवरच्या चाचणीपर्यंत पोचली नाही.

त्या स्वयंसेवकांपाशी थांबूया. त्यांची नावं कोणाला माहीत नाहीत आणि माहीत नसणंच योग्य आहे. पण त्यांनी काय पत्करलं ते नीट समजून घ्या. ही लस तुमचं रक्षण करेल असं समजू नका, हे त्यांना आधीच बजावलेलं असतं. आपल्याला लस मिळाली की नुसतं औषधहीन पाणी, हेही त्यांना चाचणी संपेपर्यंत कळत नाही. शिवाय अशी लस घेतलेल्या निरोगी माणसाची साधी एचआयव्ही चाचणी कधी कधी ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. ती चाचणी प्रतिपिंडं शोधते, आणि लशीने ती बनवलेली असू शकतात. संसर्ग नाही, पण कागदावर तसा संशय. लग्नाच्या बोलणीत, नोकरीच्या तपासणीत, विम्याच्या अर्जात हा कागद काय करू शकतो, हे रत्नागिरीत राहणाऱ्याला सांगायला नको. म्हणून चाचणी घेणाऱ्यांना वेगळी तपासणी करून खुलासा देण्याची सोय ठेवावी लागते. हे सगळं ऐकून घेऊन त्यांनी दंड पुढे केला. महाराष्ट्राने या माणसांची दखल फार कमी घेतली, असं मला मनापासून वाटतं.

त्याच काळात मोठी चाचणी दुसरीकडे चालली होती. मर्क कंपनीच्या लशीची ‘स्टेप’ चाचणी उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत, कॅरिबियन बेटांवर आणि ऑस्ट्रेलियात मिळून सुमारे ३,००० लोकांवर सुरू होती, आणि टी पेशींच्या लशीची ती खरी परीक्षा मानली जात होती. सप्टेंबर २००७मध्ये ती थांबवावी लागली. लशीने संसर्ग रोखला नाही, आणि संसर्ग झालेल्यांच्या रक्तात विषाणूचं प्रमाणही कमी झालं नाही. त्याहून वाईट म्हणजे काही पुरुषांमध्ये, ज्यांच्या रक्तात वाहक विषाणूविरुद्ध आधीपासून प्रतिपिंडं होती आणि ज्यांची सुंता झालेली नव्हती त्यांच्यात, लस घेणाऱ्यांनाच संसर्ग जास्त झाल्याचं आढळलं. हे वाचताना मन चटकन ‘अपयश’ म्हणून पुढे सरकतं. सरकू देऊ नका. लस घेतलेल्या बहुतेकांमध्ये टी पेशी खरोखर जागल्या होत्या, मोजता येण्याइतक्या. पण प्रत्येकात त्या मोजक्याच तुकड्यांवर आल्या होत्या, आणि त्यातले बरेचसे तुकडे बदलू शकणारे होते. पेशी किती जागल्या यापेक्षा त्या कशाकडे पाहतात, याला महत्त्व आहे, ही गोष्ट स्टेपने शिकवली. त्याची किंमत तीन हजार माणसांनी मोजली.

त्यानंतरचं बरंचसं काम या एका प्रश्नाभोवती फिरतं. ऑक्सफर्डमध्ये टोमास हांके यांनी विषाणूच्या सगळ्या उपप्रकारांत जवळजवळ सारखेच राहणारे भाग निवडले आणि फक्त तेच एकापुढे एक जोडून लस बनवली, म्हणजे शरीराला भलतीकडे पाहायला वावच उरू नये. लॉस अलामॉसच्या बेट कोर्बर यांनी उलट वाट धरली. जगभरच्या विषाणूंची रूपं संगणकात घालून, जास्तीत जास्त बदल आधीच कवेत येतील अशी प्रथिनं त्यांनी रचली. त्या कल्पनेवरची लस आफ्रिकेतल्या सुमारे २,६०० स्त्रियांमध्ये तपासली गेली आणि २०२१मध्ये तीही पुरेशी ठरली नाही. २०१९मध्ये गौरव गैहा, ब्रूस वॉकर आणि सहकाऱ्यांनी तिसरी दृष्टी दिली. प्रथिनातलं प्रत्येक अमिनो आम्ल बाकीच्यांशी कशा बंधांनी जोडलं आहे याचा आराखडा काढायचा, आणि ज्या अमिनो आम्लावर सर्वांत जास्त बंध टेकलेले आहेत ते शोधायचं. औषधाविना विषाणू दाबून धरणाऱ्या माणसांच्या टी पेशी नेमक्या अशाच जागा धरतात, असं त्यांना दिसलं. नुसता सारखा राहिलेला भाग आणि बदलूच न शकणारा भाग, यांत फरक आहे. माझा ओढा या तिसऱ्या वाटेकडे आहे, कारण ती विषाणूकडे त्याच्या अडचणीतून पाहते.

आणखी एक वाट आहे, थोडी अद्भुत. ओरेगॉनच्या लुई पिकर यांनी सायटोमेगॅलो विषाणूला वाहक केलं. हा विषाणू एकदा शरीरात आला की जन्मभर राहतो, त्यामुळे टी पेशी कायम जाग्या राहतात, लिम्फच्या गाठींतच नाही तर ऊतींमध्येसुद्धा. लस दिलेल्या माकडांना मग एचआयव्हीच्या भावकीतल्या एसआयव्हीचा संसर्ग केला. संसर्ग सगळ्यांना झाला. पण सुमारे निम्म्या माकडांत तो दबला, आणि पुढच्या काळात सापडेनासा झाला. उरलेल्या निम्म्यांत लशीचा काही परिणाम दिसला नाही. मधलं काही नाही. पूर्ण किंवा काहीच नाही. त्या टी पेशी तुकडे ओळखत होत्या तेही एचएलए-ई सारख्या रेणूवर, जो माणसामाणसांत फारसा बदलत नाही. माणसांसाठीच्या अशा लशीची एक चाचणी २०२३मध्ये सुरू झाली. माकडात दिसलं ते माणसात दिसेलच असं नाही. हे वाक्य मनात ठेवूनही त्या निम्म्या माकडांचा विचार करता येतो. आत शिरलेला विषाणू टी पेशींनी हुसकून लावला, असं तिथे झालं आहे.

आता नजर बंदरावर परत येऊ द्या. समोरच्या बोटीवर जे खलाशी भांडी घासताहेत त्यातले कितीतरी जण महिनोन्‌महिने घरी गेलेले नसतात. जूनमध्ये मासेमारीची बंदी लागली की जातील. घरापासून लांब राहणारी कष्टकरी माणसं, मग ती ट्रकवर असोत की बोटीवर, एचआयव्हीच्या कार्यक्रमात जोखमीची मानली जातात. त्यांचा स्वभाव वेगळा असतो म्हणून नव्हे. त्यांचं घर लांब असतं, दवाखाना अनोळखी असतो आणि विचारायला कोणी नसतं, म्हणून. कोणाला कुठून लागण झाली याच्या चर्चेत गावाचं लक्ष किती पटकन अडकतं, ते तुम्ही पाहिलं असेल. विषाणू माणसामाणसांत असा भेद करत नाही, आणि औषधही सर्वांना तेच लागू पडतं.

ते औषध आहे. १ एप्रिल २००४पासून सरकारी केंद्रांतून एचआयव्हीचे उपचार मोफत मिळतात. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते, आणि ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली राहिला तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. २०२४मध्ये लेनाकापाविर नावाच्या, सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या प्रतिबंधक इंजेक्शनचे निष्कर्ष आले. आफ्रिकेतल्या ज्या दोन हजारांहून अधिक तरुणी आणि मुलींना ते दिलं, त्यातल्या एकीलाही संसर्ग झाला नाही. हे औषध विषाणूच्या त्याच कवचाला धरतं, ज्याला बारा पंचकोन लागतात. ही लस नव्हे. शरीराला ते काही शिकवत नाही, आणि सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावं लागतं. पण ज्या जागेबद्दल आपण इतका वेळ विचार केला ती जागा खरी आहे, याचा तो ढळढळीत पुरावा आहे.

लस कधी येईल, हा प्रश्न मनात आला असेल. १९८४मध्ये अमेरिकेच्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांनी दोनेक वर्षांत लस चाचणीला तयार होईल अशी आशा जाहीर केली होती. आता जाणता माणूस वर्षाचा आकडा सहसा सांगत नाही. तुम्हीही तो मागू नका.

बोटं मानेवर असतील तर आता खाली घ्या. पायांना मुंग्या आल्या असतील, सावकाश उठा. आणि स्वतःबद्दल किंवा जवळच्या कोणाबद्दल शंका मनात असेल, तर तिच्याबरोबर बसून राहू नका. जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशन आणि चाचणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते. २०१७च्या कायद्याने निकाल गुप्त ठेवणं तिथल्या माणसांवर बंधनकारक आहे. जायच्या आधी नुसतं विचारायचं असेल, तर १०९७ या क्रमांकावर फोन करायला पैसे पडत नाहीत.